मोटर बंद करून बघ

कल्लाप्पा : तिथं न्हाय. छताच्या तुळईला काय बांधायचं न्हाय म्हणून सकाळीच सांगितलं न्हवं तुला?

तेजस्वी : बांधत नाही, आप्पा. हा क्लॅम्प हाय. शिकंज्यासारखा आवळायचा. आतनं रबर हाय, लाकडावर ओरखडासुद्धा उठायचा नाही.

कल्लाप्पा : ओरखड्याचं कोण बोलतंय? पडलं म्हंजे? खाली मागावर रेशमाचा ताणा हाय. तुटला तर दोरा दोरा जोडत कोण बसणार? तू तुझ्या कॅम्पातल्या फोटो स्टुडिओतनं येणार हायस?

तेजस्वी : पडू नये म्हणून ही वेगळी वायर. क्लॅम्प सुटला तरी कॅमेरा वायरीला लटकंल. आणि ही लांब पट्टी हाय न्हवं, हिच्यावरनंच कॅमेरा सरकणार. एकाच टोकाला धरली तर मधी वाकंल, म्हणून दोन्हीकडनं क्लॅम्प लावलेत.

कल्लाप्पा : मग मागालाच लाव की. खाली तरी ऱ्हाईल.

तेजस्वी : मागाला लावला तर तुमच्या एकेका ठोक्याला कॅमेरा हादरणार.

कल्लाप्पा : तर दारात तिपाई ठेव. लग्नात ठेवतीस तशी.

तेजस्वी : दारातनं तुमची पाठ दिसती. बेंगळूरच्या प्रदर्शनवाल्यांना हात बघायचेत. आवडलं तर तिकडं माग मांडून देणार, पोरं शिकायला बसवणार तुमच्याजवळ. तुम्हीच म्हणत होता, वडगावात आता कोण शिकायला येत नाही, माझ्यामागं माग चुलीत जाईल म्हणून.

कल्लाप्पा : म्हणत हुतो. आता म्हणत न्हाय.

तेजस्वी : का?

कल्लाप्पा : वय झालं. प्रवास सोसत न्हाय.

तेजस्वी : उचगावला देवीला चालत गेलता की परवा. तेव्हा सोसलं?

कल्लाप्पा : तेजू, शब्दाला शब्द वाढवू नको. काय काढायचं ते काढ आणि उतर खाली. त्या स्टुलाचा पाय लुळा हाय.

तेजस्वी : झालंच. चला, विणायला घ्या. मी मोटर लावते. ह्या काठापासनं त्या काठापर्यंत सावकाश जाणार कॅमेरा. तुम्ही वर बघायचं नाही.

[माग चालू लागतो. धोट्याचा आवाज बराच वेळ एका लयीत येत राहतो, मग थांबतो.]

तेजस्वी : काय झालं?

कल्लाप्पा : काय न्हाय. दम खातो जरा.

तेजस्वी : तसेच बसा. कापडावरचा हात उचलू नका. इतकं जवळनं घेतलंय, पडदाभर हातच दिसतोय... अरेच्चा.

कल्लाप्पा : काय?

तेजस्वी : माग चालू होता तवर साफ आलंय. तुम्ही थांबला आणि चित्र थरथराय लागलं. उलटंच की हे.

कल्लाप्पा : मोटर हाय न्हवं वर. मोटर थरथरणारच. बंद करून बघ.

तेजस्वी : केली बंद... अजून हलतंय.

कल्लाप्पा : मग ते कॅमेऱ्याच्या खालचं, वाटीत फिरणारं, ते सैल असंल.

तेजस्वी : तो गोळा घट्ट हाय. मुद्दाम दांडगा आणलाय. बारका आणला असता तर वजनानं कॅमेऱ्यानं मान टाकली असती. तुळईच हलत असंल. काढते आणि खिडकीच्या गजाला लावते.

कल्लाप्पा : किती येळ खेळणार हायस? माझं काम पडलंय. विणू दे मला.

तेजस्वी : दमा जरा. तुम्ही विणायला लागला की थरथर जाती, मग मला सापडणार कशी? हं, हात होता तिथंच ठेवा. लावला. आता जरा लांबनं घेते.

कल्लाप्पा : झालं का? झालं का म्हणतोय मी.

तेजस्वी : आप्पा, मागाची फणी हलत नाही.

कल्लाप्पा : बरं हाय की मग.

तेजस्वी : साडीचा काठ हलत नाही. डावा हातपण नाही.

कल्लाप्पा : मी विणायला घेतो. तू काढ.

तेजस्वी : उजवा हात मांडीवर ठेवा.

कल्लाप्पा : कशाला?

तेजस्वी : ठेवा.

कल्लाप्पा : विणताना काय हुतंय का ते सांग. धोटा सरळ जातोय का न्हाय? काठ बघ. एक दोरा इकडचा तिकडं दिसला तर बोल.

तेजस्वी : नाही दिसला.

कल्लाप्पा : मग झालं तर.

तेजस्वी : कधीपासनं?

कल्लाप्पा : कुणाला ठावं. आधी बोट एक हलायचं. वाटलं, थंडी असंल.

तेजस्वी : म्हणून तुम्ही मागावरनं उठत नाही. आई म्हणती, म्हातारपणी ह्यांना कामाचा हव्यास सुटलाय.

कल्लाप्पा : गप बसलं की सुरू हुतंय. हातात काम दिलं की निजतंय, तान्ह्या पोरागत. म्हणून देत ऱ्हातो काम.

तेजस्वी : डॉक्टरकडं गेला न्हाईसा?

कल्लाप्पा : डॉक्टर त्याला नाव देणार. नाव मिळालं की गल्लीभर हुणार. त्यो मष्णू शेठ काय म्हणंल? कल्लाप्पाचा हात गेला, आता ह्याच्याकडनं काठ-पदर कशाला विणून घ्यायचा.

तेजस्वी : आणि मी सकाळपासनं स्टुलावर चढतीया-उतरतीया. क्लॅम्प आवळतीया, मोटरला शिव्या घालतीया. तुम्ही खाली बसून मलाच सांगताय, वाटी सैल असंल!

कल्लाप्पा : मग काय सांगू? तू माझे हात दाखवायला कुठनं कुठनं सामान भाड्यानं आणलीस. तुला काय सांगू गं मी? रडू नको. कॅमेऱ्यावर पडंल पाणी.

तेजस्वी : रडत नाही. हे थांबल्यावरचं सगळं पुसून टाकते. विणतानाचं तेवढं ठेवते. कुणाला कळायचं नाही.

कल्लाप्पा : आणि त्यांनी बोलवलं म्हंजे?

तेजस्वी : जायचं. विणताना तर नीट हाय की.

कल्लाप्पा : विणून दाखवायला न्हाय बोलवणार, शिकवायला बोलवणार. शिकवताना हात थांबवायला लागतोय. असं धर, आता असं सोड, म्हणून पोराच्या डोळ्यासमोर धरून दाखवायला लागतंय. तिथं कशी पुसणार हायस तू?

तेजस्वी : मग फिल्मच नको. सामान गोळा करते.

कल्लाप्पा : बस खाली.

तेजस्वी : आप्पा, नको...

कल्लाप्पा : बस म्हणतो न्हवं. पुसू नको ते. विणतानाचं ठेव आणि थांबल्यालं पण ठेव. दोन्ही बघून बोलवलं तर जाऊ. न्हाय बोलवलं तर लबाडी तरी केली न्हाय.

तेजस्वी : आणि डॉक्टर?

कल्लाप्पा : हे काढून झाल्यावर.

तेजस्वी : झाल्यावर म्हणजे उद्या.

कल्लाप्पा : बरं, उद्या. तुझ्या आईला मात्र आत्ताच सांगू नको. लई घोर लावून घेती. जा, परत वर लाव ते. खिडकीतनं अर्धाच माग येत असंल.

तेजस्वी : तुळईला लावू?

कल्लाप्पा : तुळईलाच लाव. वायर अडकवायला इसरू नको.

चंद्राबाई : झालं का न्हाय अजून बाप-लेकीचं? सकाळधरनं नुसती आदळआपट. च्या आणलाय.

तेजस्वी : आई, इकडं दे. मी ठेवते त्यांच्याजवळ.

कल्लाप्पा : ठेवू नको. हातात दे माझ्या.

तेजस्वी : आप्पा, गरम हाय तो.

चंद्राबाई : असू दे गं. घेतील ते. दोन्ही हातांनी धरा, अंगावर सांडायचा न्हाय. अर्धाच हाय.

कल्लाप्पा : अर्धाच का?

चंद्राबाई : दिवाळीपासनं अर्धाच देते की मी. प्या.