चौथ्या घराचा दिवा

(जामसंड्यातला दवाखाना. दुपारचे पेशंट संपलेत. डॉक्टर चारुतासमोर तोंडवलीचे दाजी बसलेत, सोबत कुणी नाही.)

चारुता : पण तुम्हाला पडताना पाहिलं कुणी, दाजी?

दाजी : कोण बघतलो, बाय? सात घरांची वाडी, सहा घरांक कुलूप. सगळे चाकरमानी मुंबयक.

चारुता : मग झटका येऊन गेला हे तुम्हाला कळतं कसं?

दाजी : दिव्यांवरसून. सगळ्यांच्यो चाव्यो माझ्याकडे. तिनीसांजेक मी एकेक घर उघडून देवाकडे दिवो लावतंय. त्या दिवशी शुद्धीर इलंय तेव्हा तीन घरांत उजेड, चौथ्यात काळोख. मी चौथ्याच्या दारातल्या खळ्यात आडवो. जीभ चावलेली, लुंगी भिजलेली. लाज वाटली. मगे म्हटलंय, बघूक आसा कोण?

चारुता : असं कितीदा झालं?

दाजी : तीनदा. मागच्या खेपेक काडीपेटी हातातच होती.

चारुता : डोक्याला मार लागला होता कधी?

दाजी : नाय.

चारुता : कानामागे वण आहे, दाजी. आत्ताच माझ्या हाताला लागला.

दाजी : ...दोन वर्सां झाली. चवथीच्या आदल्या दिवशी. शेजारच्या देवेशच्या घरात गणपतीवर टांगूची फळांची माटवी बांधीत होतंय. नारळ बांधले, तवशी बांधताना स्टूल हालला. टकली फरशेर आपटली. घटकाभर काय कळाक नाय.

चारुता : आणि कुणाला सांगितलं नाहीत.

दाजी : गाडी पनवेल सोडली म्हणान देवेशचो फोन इलेलो. माणसां वरसान एकदा येतत. तेंच्या सणात मी डोक्याक पट्टी बांधून बसू? टोपी घातलंय नि आरतेक उभो रवलंय.

चारुता : तिथूनच हे सुरू झालं.

दाजी : कसा? मधी इतके दिवस काय एक झाला नाय.

चारुता : बाहेरून दिसलं नाही. आत चालू होतं. मेंदूतली पेशी एकटी जगत नाही. तिच्या बाजूला दुसऱ्या पेशी असतात. त्या तिला खाणं पुरवतात, तिने बाहेर टाकलेलं उचलून नेतात. पेशी एकमेकींना निरोप धाडतात. काही निरोप जागं करणारे, काही गप्प बसवणारे. मार लागला तिथे बाजूच्या पेशींची ताकद गेली. खाणं वेळेवर मिळेना, धाडलेले निरोप उचलायला कुणी नाही, ते साचत गेले. गप्प बसवणाऱ्या पेशीही दमल्या. मग एक पेशी ओरडली की सगळ्या ओरडत सुटतात. तो झटका. हे व्हायला महिने लागतात, कधी वर्षंही.

दाजी : म्हणजे शेजारी रवले नाय.

चारुता : ...हो. तसंच म्हणा.

दाजी : मगे माका चांगला कळला.

चारुता : डोक्याचा फोटो काढावा लागेल. गोळी देते, दोन्ही वेळ, एकही चुकवायची नाही. बहुतेकांचे झटके गोळीने थांबतात. पण तोवर विहिरीवर एकट्याने जायचं नाही. होडीत नाही. काडी ओढायची नाही.

दाजी : म्हणजे दिवे बंद.

चारुता : विजेचे लावा.

दाजी : लायट तेंनी जातानाच तोडून घेतल्यानी.

चारुता : दाजी, तुमच्याजवळ माणूस हवं. मुलगा आहे ना?

दाजी : जितेंद्र. भांडुपाक असता. रोज फोन करता बिचारो. "बाबा, बरे आसास?" मी म्हणतंय, बरो आसंय. खोटा नाय ता. फोनार आसतंय तवसर मी बरोच आसतंय.

चारुता : आज मी बोलू त्याच्याशी?

दाजी : तो येतलो नि माका घेवन जातलो.

चारुता : जा ना. खरं सांगते, मला तुमच्यासाठी भीती वाटते. त्या खळ्यात तुम्ही पडून राहाल आणि कुणाला कळणारही नाही.

दाजी : माझी बायल, सुगंधा, असा बोलायची. ती गेली, तेच्यानंतर कोण बोलूक नाय.

चारुता : नंबर सांगा, दाजी.

दाजी : ह्यो घे फोन, तूच लाव. पण तेका एक इचार.

चारुता : काय विचारू?

दाजी : सगळे जाताना चावी माझ्या हातात देवन गेले. मी माझी कोणाच्या हातात देऊ?