लालापुढं पिवळा

(भीमपूरच्या बाजारात रामाजींचं शिलाईचं दुकान. आज सकाळी मशीनवर ब्लाउज नाही, डीएनए पसरलाय: सॅटिनच्या दोन लांब पट्ट्या, त्यांवर रंगीत तुकडे, तुकड्यांना हूक. रामाजींच्या लेकीला, शुभांगीला, शाळेत विज्ञानाचा डेमो तास द्यायचाय. त्यावरच तिची नोकरी ठरणार.)

शुभांगी : बाबा, हे काय केलं? लालापुढं लाल लावलं तुमी!

रामाजी : मंग? जन्म गेला माया मॅचिंग करण्यात. लालले लाल, हिरव्याले हिरवं.

शुभांगी : इथं ते चालत नाई. लाल म्हणजे ए, त्याची जोडी पिवळ्या टीशी. हिरवा जी, त्याची निळ्या सीशी. दुसऱ्या कोणाशी नाई.

रामाजी : काऊन? पत्रिका पाह्यते का तो?

शुभांगी : माप पाहतो. लाल-हिरवे तुकडे लांब आहेत, पिवळे-निळे आखूड. लावून बघा बरं.

रामाजी : लांबापुढं लांब... फुगा आला. आखुडापुढं आखूड... पोचतच नाई. लांबापुढं आखूड... अरे, दोनी काठ सरळ! पण मंग लालापुढं निळा काऊन नाई? माप तं तेच हाय.

शुभांगी : हूक मोजा. लालाला दोन, निळ्याला तीन.

रामाजी : हां, बसणार नाई. कापणारा लय हुशार दिसते बाप्पा! थांब, नुसतं टाचलेलंच हाय, बदलून देतो... झालं. आता इस्तरी मारतो. पण मी म्हणतो, हूक कायले? पक्की शिवण मारली असती तं जन्मात सुटली नसती.

शुभांगी : सुटायलाच पायजे ना! एकेक हूक नाजूक, पण ओळीनं इतके, की पट्ट्या धरून राहतात. पेशीला नक्कल करायची झाली की उघडतात.

रामाजी : आन् उघडल्यावर? अर्धं अंग घेऊन काय करते ते?

शुभांगी : बाबा! इस्तरी!

रामाजी : अरे देवा!

शुभांगी : गेली. अख्खी पट्टी जळून गोळा झाली.

रामाजी : मायी अक्कल चरायले गेली होती. बोलण्याच्या नादात तुयी नोकरी जाळली म्या.

शुभांगी : असं नका म्हणू. पण रंग कसे लावले होते, मलाही आठवत नाई. बसची वेळ झाली.

रामाजी : दुसरी पट्टी हाय ना. हे पाय, हिच्यावर लाल, म्हंजे जळालेलीवर पिवळा होता. इथं हिरवा, म्हंजे तिथं निळा. इथं निळा, म्हंजे तिथं हिरवा... शुभे, हिच्यात तं तिचं सारंच हाय! चुकलं का मायं?

शुभांगी : नाई. पेशी अर्धं अंग घेऊन हेच करते.

रामाजी : मंग ही एकच ने. कापून उरलेले तुकडे पिशवीत सुटे घे. दुसरी पट्टी पोराईले लावू दे.

शुभांगी : हेडमास्टर सर म्हणतील, अर्धवट आणलं.

रामाजी : म्हणू दे. दोनी जोडलेल्या होत्या तवा मले काईच समजलं नव्हतं.

शुभांगी : द्या ती पिशवी. भीती वाटून राह्यली, बाबा.

रामाजी : मी येऊ का? दाराशी उभा राह्यतो. तोंड उघडणार नाई.

शुभांगी : दाराशी काऊन? आत बसा. आन् विचारा.