पाच तारखेचा प्रोसेसर

मी, बाजारगल्लीत 'जोडणीवाल्या मावशी' म्हणून ओळखली जाणारी, वय ५१ वर्षे, धंदा कॉम्प्युटर जोडणी व दुरुस्ती, राहणार दुकानावरची खोली, समक्ष हजर राहून सांगते की,

बाजारगल्लीत मी एकोणीस वर्षे दुकान चालवते. बेपत्ता मुलगी, जिला मी टिचकी म्हणते, चष्म्याच्या दुकानात कामाला असून थोरल्या बहिणीकडे राहते. गेल्या महिन्यात ती माझ्याकडे चार वेळा आली. गेम खेळायला कॉम्प्युटर हवा होता, बजेट बेताचे. "मावशी, प्रोसेसर स्वस्तातला द्या, पण रडका नको," असे म्हणाली. मला हसू आले.

तिने कागदावर तीन प्रोसेसर लिहून आणले होते. एक वेगवान, पण त्याला वेगळे ग्राफिक्स कार्ड लागते. दुसरा चार कोअरचा, वर्षभरात धापा टाकेल. मी तिसरा घ्यायला लावला, सहा कोअरचा, ग्राफिक्स आतच असलेला. कार्ड नाही म्हणून अख्खे मशीन चपलांच्या खोक्याएवढ्या डब्यात बसले. तिला तेच हवे होते. पाच तारखेला सकाळच्या बसने तिला दुसऱ्या शहरात जायचे होते. तिथल्या गेमिंग टीमने तिला घेतले होते, राहायची सोय होती. "दाजींना कळलं तर घराबाहेर पडू देणार नाहीत. पोटातच ठेवा, मावशी." मी हो म्हटले.

प्रोसेसर मी गिऱ्हाइकाच्याच हाताने बसवून घेते. काढायचा कसा तेही तिला शिकवले. वरचा फॅन त्याला पेस्टने चिकटलेला असतो, म्हणून आधी मशीन तापवून पेस्ट सैल करायची, मग फॅन हलकेच फिरवून सुटा करायचा, हिसकायचा नाही, नाहीतर प्रोसेसर पिनांसकट उपटून येतो. तिने दोनदा करून दाखवले.

तीन तारखेला दुपारी चारच्या सुमारास तिचे दाजी पावती घेऊन आले. "बाईमाणसाला यातलं काय कळतं? पोरीच्या गळ्यात भंगार मारलंत," म्हणाले. माझे डोके फिरले. मी ताडकन बोलले, "भंगार? मुद्दाम निवडलाय तो! कार्डवाला घेतला असता तर एवढं धूड घेऊन पोरगी पाच तारखेला बसमध्ये चढली असती का?"

त्यावर ते काय म्हणाले, असे हवालदार साहेब विचारतात. पावतीची घडी घालून खिशात ठेवली. मग "मावशी, पाणी मिळेल का?" म्हणाले. सावकाश पूर्ण ग्लास प्यायले आणि गेले.

मी लगेच टिचकीला फोन लावला, तो बंद होता. चार तारखेला ती वायर न्यायला येणार होती, आली नाही. कामावरही नव्हती. दुसऱ्याच्या घरच्या भानगडीत कशाला पडा, म्हणून मी गप्प बसले. झक मारली.

आज सात तारखेला सकाळी साडेदहाला दाजी पुन्हा आले. रुमालातून प्रोसेसर काढून काउंटरवर ठेवला. "ती स्वतःच्या पायाने गेली. जाताना हा काढून ठेवला, मावशींना परत द्या म्हणाली."

त्यावरचा नंबर माझ्या वहीशी जुळतो. पण थंड मशीनचा फॅन हिसकून तो उपटलेला आहे. खालच्या तीसेक पिना वाकल्यात, दोन तुटल्यात. हा टिचकीने काढलेला नाही. मी तो पुसलेला नाही, तसाच हजर करत आहे.

जबाब मला वाचून दाखवला. बसचे बोलणे तुमच्यावर येईल, गाळू का, असे हवालदार साहेबांनी विचारले. मी नको म्हटले. माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिले आहे, खरे आहे. पाच तारीख दाजींना मीच सांगितली.