कानो आजींच्या दारापर्यंत

मी मूळची निफाडकडची, द्राक्षबागेतली. बागेत फवारणीला छोटा ट्रॅक्टर असतो ना, दोन ओळींच्या मधून जाईल एवढाच, तो आमच्याकडे होता, आणि भाऊ होस्टेलला गेला तेव्हा वडील म्हणाले आता ड्रायव्हर कुठून आणू, मी म्हटलं आणायचा कशाला, मी आहे ना, आणि बसले. सरळ पुढे काय, कुणीही चालवतं. पण ओळीच्या शेवटाला वळायला जागा नसली की रिव्हर्सनेच परत यायचं, आणि चाक जरा इकडचं तिकडे झालं की तार ओढली जाते, तार ओढली की मांडव हलतो, आणि वडील बांधावरून ओरडणार, नंदे, मागं बघ, पुढचं आपोआप दिसतं! हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं, आणि त्याचा उपयोग व्हावा कुठे, तर जपानात. काय सांगू तुम्हाला.

लग्न होऊन पुण्याला आले. अविनाश, म्हणजे माझा नवरा, सॉफ्टवेअरमध्ये. त्याला जपानचं काँट्रॅक्ट मिळालं ते भूकंपानंतर, तेव्हा सासूबाई म्हणाल्या लोक तिकडून परत येतायत आणि तुम्ही कुठे निघालात. आधी टोकियोजवळ उरायासुला राहिलो. तिथे रस्ते अजून दुरुस्त होत होते, पण आसपास मराठी घरं होती, गणपती होता, कढीपत्ता मिळायचा, तक्रार नव्हती. मग त्याची कंपनी बदलली आणि आम्ही सेंदाईच्याही पलीकडे, डोंगर ओलांडून, या बर्फाच्या गावात आलो. सामान लावलं, कचऱ्याचे वार फ्रिजवर चिकटवले, कुठल्या वारी ओला, कुठल्या वारी प्लास्टिक, आणि म्हटलं झालं, लागलं घर. बर्फाबद्दल फ्रिजवर काहीच चिकटवलेलं नव्हतं.

इथे बर्फ पडायला लागला की थांबायचं विसरतो. सकाळी नगरपालिकेची मोठी गाडी हमरस्ता साफ करत जाते, आणि बाजूला सारलेला सगळा बर्फ आमच्या गल्लीच्या तोंडाशी भिंतीसारखा ठेवून जाते. तो मऊ नसतो हो, दाबलेला असतो, फावडं मारलं की टणकन आवाज येतो. गल्लीत सगळी म्हातारी माणसं. तरणे म्हणजे आम्हीच, आणि अविनाशची पाठ पहिल्याच आठवड्यात धरली, तो पलंगावर पडून मला सांगायचा गुडघ्यातून वाक, गुडघ्यातून. म्हटलं तू तिथूनच बोल.

शेजारी कानो आजी. मी आजी म्हणते, त्या मला नंदा-सान म्हणतात. त्यांचे यजमान आम्ही यायच्या आधीच्या शरदात गेले. आजींना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जावं लागतं, हॉस्पिटलची गाडी न्यायला येते, पण ती दारापर्यंत यायला हवी, त्यांना बर्फातून चालवत नाही. आजोबा होते तोवर तेच वाट मोकळी करायचे. आता मुलगा, केंजी, सेंदाईहून म्हणत होता, आई, वृद्धाश्रमात जागा मिळतेय, हिवाळ्यापुरती जा. आजींना पक्कं माहीत होतं, हिवाळ्यापुरतं गेलेलं माणूस उन्हाळ्यात परत येत नाही, तोवर घराला कुलूप बसलेलं असतं. म्हणून त्यांनी मुलाशी पैज लावली. एक दिवस जरी गाडी दारापर्यंत आली नाही, तर मी गुपचूप वृद्धाश्रमात जाईन. पण तोवर विषय काढायचा नाही.

हे त्यांनी मला चहा ओतता ओतता सांगितलं, जसं काही दुसऱ्याच कुणाचं सांगतायत. मी विचारलं, आजोबा वाट कशाने मोकळी करायचे? त्यांनी मागची शेड उघडली. ताडपत्री ओढली. आणि खाली तो उभा! छोटा ट्रॅक्टर, पुढे बकेट लावलेली, आमच्या बागेतल्या ट्रॅक्टरचा सख्खा भाऊ. माझ्या तोंडून मराठीतच निघालं, अगं बाई, हा इथे काय करतोय? आजींना शब्द कळले नसतील, चेहरा कळला असणार, त्यांनी खिळ्यावरची किल्ली काढून माझ्या हातात दिली. मी लगेच चौकशी केली, इथे साध्या कारच्या लायसन्सवर एवढा ट्रॅक्टर चालतो, बॅटरी बदलली, ऑइल बदललं, आणि शनिवारी आजींची गाडी थेट दारात. मला वाटलं, जिंकले.

तर ऐका आता. गल्लीच्या कडेने एक पाट आहे, वरून जाळ्या, हिवाळ्यात त्यात ठरावीक वेळी पाणी सोडतात आणि प्रत्येकाने आपल्या पाळीला आपला बर्फ त्यात टाकायचा, पाणी तो नदीला नेतं. मी म्हटलं पाळी? पाटाची पाळी आम्हाला शिकवता? आमच्याकडे पाटाला पाणी आलं आणि आपली पाळी असली की एकच नियम, जेवढं ओढता येईल तेवढं ओढ, पाणी कुणासाठी थांबत नाही. आमची पाळी आली तशी मी जाळी उचलली आणि बकेटीवर बकेट, बकेटीवर बकेट, आमचा बर्फ, आजींचा बर्फ, सगळा ओतला. पाट तुंबला. पाणी वर आलं, गल्लीभर पसरलं, आणि बघता बघता त्याची काच झाली.

किकुची-सान आले. हे गल्लीचे प्रमुख, वय झालेलं पण ताठ. त्यांनी सगळं पाहिलं, मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, शिंदे-सान, तुम्ही फारच उत्साही आहात. मी म्हटलं थँक यू, थँक यू! आमची लेक मुक्ता शेजारी उभी, तिने माझी बाही ओढली, आई, थँक यू नको म्हणू, ते ओरडतायत. म्हटलं, ओरडतायत? आवाज तर चढला नाही. ती म्हणाली, इथे असंच ओरडतात.

मग काय, बेसन भाजलं, लाडू वळले, घरोघर जाऊन वाकून माफी मागितली. किकुची-सानांनी लाडू घेतला आणि निर्णयही दिला, पाटात फावड्यानेच टाकायचं, ट्रॅक्टरचा बर्फ पाटात नाही. आजी मात्र तोंडावर हात धरून हसत होत्या. म्हणाल्या, माझ्या नवऱ्यानेही पहिल्या वर्षी हेच केलं होतं, किकुची-सान तेव्हाही असेच ओरडले होते.

आणि मग तो मोठा बर्फ आला. सोमवारपासून पडतोय तो पडतोय, थांबायचं नाव नाही, आणि मंगळवारी गाडीचा वार. केंजी सोमवारीच सेंदाईहून बसने आला, आईची बॅग भरायलाच आला. चांगला माणूस हो, काळजीने अर्धा झालेला. आजी म्हणाल्या, पण गाडी आली तर? तो म्हणाला, या बर्फात? आजी म्हणाल्या, आली तर? तो म्हणाला, आली तर पुन्हा विषय काढणार नाही.

उजाडलं तशी मी बाहेर पडले. गल्लीच्या तोंडाशी भिंत माझ्या खांद्याएवढी. पाट मला बंद. दोन्ही बाजूंना ढीग इतके की टाकायला जागा नाही. जागा एकच, गल्लीच्या दुसऱ्या टोकाचं मोकळं भातखाचर. म्हणजे तोंडाशी बकेट भरायची, आणि वळायला तर जागाच नाही, तेव्हा अख्खी गल्ली रिव्हर्समध्ये मागे न्यायची, खाचरात वळून ओतायची, पुन्हा यायचं. दोन्हीकडे बर्फाच्या भिंती, मधे ट्रॅक्टरपुरती वाट. मी मान मागे वळवली आणि खरं सांगते, मला बर्फ दिसेना, ओळी दिसायला लागल्या. म्हटलं नंदे, मागं बघ.

पहिली खेप झाली. दुसरी झाली. तिसऱ्या खेपेला मागे कुणीतरी उभं दिसलं, किकुची-सान, हातात लाल कापड. म्हटलं आता हेही बंद करणार. तर ते कापड हलवायला लागले, ओराई, ओराई! म्हणजे येऊ द्या, येऊ द्या. आमचे वडील बांधावर उभे राहायचे ना, अगदी तसेच, फक्त शिव्या नाहीत. मग एकेक दार उघडत गेलं, काठी धरून चालणारी माणसं फावडी घेऊन आली, माझ्या चाकांना वाट करून द्यायला लागली, अविनाश पाठीला पट्टा बांधून आला, आणि आजींच्या दारातून केंजी बाहेर आला. बॅग घेऊन नाही. वडिलांचे गमबूट घालून, फावडं घेऊन. सरळ भिंतीला भिडला.

भिंत पडली आणि पलीकडे हमरस्त्यावर गाडीचे दिवे दिसले. ड्रायव्हरने काच खाली करून विचारलं, कानो-सान तयार आहेत का? तयार? आजी लिपस्टिक लावून, चांगला स्कार्फ बांधून दारात उभ्या होत्या. गाडी दारापर्यंत आली. दारापर्यंत! बसताना आजी मुलाला म्हणाल्या, त्या बॅगेतले माझे स्वेटर पुन्हा कपाटात ठेव, घडी नीट घाल. मी त्या गल्लीत, ट्रॅक्टरवर उभी राहून शिट्टी वाजवली, निफाडची. मुक्ता म्हणाली, आई, लोक बघतायत. म्हटलं बघू दे.

त्या संध्याकाळी किकुची-सान लाडवाचा रिकामा डबा परत करायला आले, आत घरचं लोणचं. म्हणाले, पाटात शेवटची पाळी ट्रॅक्टरची, सगळ्यांचं झाल्यावर, थोडं थोडं टाकायचं. मग दारातून वळता वळता म्हणाले, शिंदे-सान, तुम्ही फारच उत्साही आहात. मी मुक्ताकडे पाहिलं. ती म्हणाली, या वेळी म्हण थँक यू.

त्यानंतर कितीतरी हिवाळे गेले. अविनाशला टोकियोची नोकरी येऊन गेली, आम्ही नाही म्हटलं. केंजी आता पहिला बर्फ पडला की मला फोन करतो, डिझेल आहे ना, बेल्ट पाहिलात ना, आणि सुटीला येऊन फावडं मारतो. विषय त्याने पुन्हा काढला नाही. आजी आता आणखी वाकल्यात, पण आपल्या घरात वाकल्यात. आजही मंगळवार, वाट सकाळीच काढून ठेवलीय. थांबा हं, रिव्हर्सचा आवाज येतोय ना? गाडी आली. आली दारापर्यंत. बसा, चहा घ्या, आजींना बसवून येते मी. आणि तुम्ही हे लिहून घेताय ना, तर शेवटी एवढं लिहा, ज्याच्या त्याच्या दारापर्यंत वाट राहो, आणि ती काढायला शेजारी राहो.