तलावात काहीही टाकायचं नाही

कॅम्पिंगचा विषय काढलात, म्हणून सांगते. कॅनडातून शिकून मी कुकटपल्लीच्या घरी परतले ती एकच खूळ डोक्यात घेऊन: जंगलात जायचं, पण मागे कचऱ्याचा कणही ठेवायचा नाही. बाबा गेल्यापासून आई घराबाहेर पडत नव्हती. पण बाबांच्या गावच्या तलावाकाठी तंबू ठोकणार म्हटल्यावर स्वतःच म्हणाली, "मीही येते."

तिथे पोचताच माझं सुरू झालं.

"आई, लिंबाची साल पिशवीत. तलावात काहीही टाकायचं नाही."

"बरं."

"माशांना भातसुद्धा नाही."

"बरं बाई."

सोबत आलेला माझा मित्र इम्रान वैतागला, "नक्को यार, आंटी को छोड़ ना!"

सकाळी आई काठावर बसलेली दिसली. हातात स्टीलची छोटी डबी.

"आता त्यात काय आणलंस?" मी विचारलं.

तिने झाकण उघडलं. "गोदावरीत अस्थी सोडल्या, तेव्हा चिमूटभर राख मागे ठेवली होती. ते पोहायला इथेच शिकले ना."

मग माझ्याकडे बघत, परवानगी मागावी तसं म्हणाली, "एवढे बाबा चालतील का गं?"