तळातली कुल्फी

जबाब

माझे नाव अंजना लालासाहेब बाबर, वय ४९ वर्षे, धंदा शेती व घरकाम, रा. आष्टा, ता. वाळवा, जि. सांगली.

मी आज स्वतःहून पोलीस ठाण्यात येऊन सांगते की, वरील पत्त्यावर मी पती लालासाहेब यांच्यासह राहते. पती सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले आहेत. दरवर्षी मे महिन्यात त्यांचे जुने सोबती आमच्या मळ्यात जमतात. जेवणानंतर कुल्फी असते. ती आष्ट्यातील कुल्फीवाले दिलावर तांबोळी यांच्याकडून येते. ते साचे बर्फात व जाड्या मिठात पुरून मडके घरपोच देतात. तळातली कुल्फी सर्वांत घट्ट असते, ती वडीलधाऱ्यांना द्यावी, असे त्यांनीच मला पूर्वी सांगितले होते. मी तसेच करीत आले.

यंदा पतीचा पुतण्या उदयसिंह याने रम घातलेली कुल्फी करायचे ठरवले. रम पतीच्या कॅन्टीनच्या कोट्यातली होती. दूध मी आटवले, आमरस मी गाळला. जादा साचे व एक रिकामे मडके मी दिलावर यांच्याकडून आमरसासाठी म्हणून आणले. रमचे सांगितले नाही. सांगितले असते तर त्यांनी दिले नसते, हे मला माहीत होते.

उदयसिंह याने रम जास्त ओतली, त्यामुळे कुल्फी धरेना. पती त्याला म्हणाले, "ही कुल्फी हाय व्हय रं? ही तर गार केलेली बाटली!" सगळे हसले. पुढे मी चुलीपाशी असताना उदयसिंह याने आपले साचे दिलावर यांच्या मडक्यात तळाशी पुरले, कारण तिथे गारवा जास्त होता. साचे दिसायला एकसारखे आहेत. मला सांगायचे राहून गेले, असे त्याचे म्हणणे आहे.

माझी आई हरणाबाई, वय ७६, ही त्या दिवशी माझा भाऊ जयराज याच्यासोबत आमच्याकडे आली होती. ती माळकरी आहे. ती येणार म्हणून मी मटण केले नव्हते. पहिली कुल्फी मी तिला दिली. तळातली काढून दिली. ती म्हणाली, "औंदा दिलावरनं वेलदोडा लय घातलाय गं." थोड्या वेळाने पतीचे एक सोबती आपली कुल्फी चाखून मोठ्याने म्हणाले, "ही तर साधीच हाय गड्या. रमची कुणाला गेली?" तेव्हा उदयसिंह आईच्या ताटलीकडे बघत राहिला. आईच्या ते ध्यानात आले. तिने गळ्यातली माळ काढून पदरात ठेवली. जयराज तिला घेऊन गेला. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही.

दुसऱ्या दिवशी जयराजने दिलावर यांच्याविरुद्ध तक्रार दिली, की त्यांनी माळकरी बाईला दारूची कुल्फी खाऊ घातली. त्यावरून ऐन लग्नसराईत त्यांचे दुकान बंद झाले. मी जयराजला फोन करून म्हटले, "रम आमच्या घरात पडली, तुला ठाऊक हाय." तो म्हणाला, "ताई, तू गप बस. दाजींचं नाव निघण्यापरीस त्येचं निघू दे."

मी दिलावर यांच्या घरी गेले. दुकानाच्या वेळेला ते दारात बसलेले मी प्रथमच पाहिले. ते म्हणाले, "वहिनी, मडकं परत आलं तवाच वास आला हुता." पोलिसांना का सांगितले नाही, असे मी विचारले. "तुमी सांगाल म्हून थांबलो," असे ते म्हणाले. त्यांच्या पत्नी शबाना यांनी मला पाणी दिले. ते मी घेतले.

घरातली गोष्ट घरात मिटवू, असे पती म्हणाले. ते आज माझ्याबरोबर आलेले नाहीत.

दिलावर यांनी दिलेली कुल्फी साधी होती. रम आमच्या घरात घातली गेली. साचे मी खोटे सांगून आणले आणि आईला कुल्फी माझ्या हाताने दिली. यात दिलावर यांचा काही दोष नाही.

आईला जबाबासाठी बोलावल्यामुळे जयराज तिला घेऊन आला आहे. दोघे बाहेर बाकावर बसले आहेत. आईला कमी ऐकू येते. म्हणून माझा जबाब दार उघडे ठेवून मोठ्याने वाचावा, अशी मी विनंती केली. त्याप्रमाणे तो वाचला. मी जे सांगितले तेच त्यात आहे.

वाचून झाल्यावर आई बाहेरून म्हणाली, "मग दिलावरचं दुकान कशापायी बंद ठिवलंय?" नंतर आई म्हणाली, "आनि ग्वाड लागली म्हून मी दुसरी मागून खाल्ली. त्येबी लिव्हा."

हे मी सांगितले नव्हते. ते खरे आहे. माझ्या संमतीने येथे जोडले आहे.

सही
अंजना लालासाहेब बाबर