घोड्याचं लाकूड

...तर तो वखारवाला मला विचारतो, "दरवाजा की खिडकी?" आणि मी म्हणालो, "घोडा." आता यात हसण्यासारखं काय आहे, तुम्हीच सांगा. लाकडाच्या वखारीत माणूस लाकूड मागायलाच जाणार ना? पण नाही, त्याने कानावरची पेन्सिल काढली, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "केवढा?" मी बोट उभं करून दाखवलं, एवढा. तर म्हणतो कसा, "असला तुकडा आम्ही सरपणात टाकतो, साहेब."

थांबा, घोडा कशाला ते आधी सांगतो, नाहीतर तुम्हीही त्याच्यासारखेच बघायला लागाल.

माझे सासरे, म्हणजे बाबा, आमच्याकडे राहतात. जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस, आता नजर गेली, उजेड-अंधार तेवढा कळतो. पण बुद्धिबळ खेळतात हो, बोटांनी. मोहरं चाचपायचं, बुडाला खाच असली की काळं, नसली की पांढरं. समोर शेजारच्या मावशी, शाळेत गणित शिकवायच्या, त्या दयाबिया दाखवत नाहीत, सरळ मारतात. रोज संध्याकाळी पट मांडायचा, रोज भांडायचं, दोघंही खूश. आणि एकदा पट गॅलरीत नेताना बाबांच्या हातून काळा घोडा निसटला तो कठड्यावरून थेट खालच्या वाहत्या गटारात. मावशींनी त्याच्या जागी औषधाच्या बाटलीचं झाकण ठेवलं.

"हे काय?" बाबा म्हणाले.

"घोडा समजा."

"झाकणाने शह देऊ मी?"

असं म्हणून उठले ते उठलेच. नवा संच आणला, तर म्हणाले हात ओळखत नाही. मग नुसते खुर्चीत, भिंतीकडे तोंड करून. हाक मारली की जेवायला येणार, जेवून परत खुर्चीत. बायको म्हणाली, "अहो, आज दिवसभरात एक वाक्य बोलले नाहीत माझ्याशी. तुमचं ते मशीन आहे ना? करा की काहीतरी."

मशीन म्हणजे, शिलाई मशीनच्या जातीचंच दिसतं बघा, फक्त सुईच्या जागी दोऱ्यासारखी बारीक करवत, ती वर-खाली नाचते आणि आपण लाकूड फिरवायचं. मी त्यावर लोकांच्या दारांवरची नावं कापतो, चपट्या फळीतून. पण घोडा चपटा नसतो ना? त्याला एका पुस्तकात युक्ती सापडली ती अशी, की चौकोनी ठोकळा घ्यायचा, एका अंगावर घोड्याचं समोरून चित्र चिकटवायचं, शेजारच्या अंगावर बाजूने, एक अंग कापायचं, आणि मग, हे ऐका, निघालेला कचरा फेकायचा नाही, होता तसा परत बसवून चिकटपट्टीने बांधायचा, ठोकळा कुशीवर वळवायचा आणि दुसरं अंग कापायचं. पट्टी सोडली की कचरा गळतो आणि आत घोडा, शेंगेतल्या दाण्यासारखा. हे वाचूनच मला गुदगुल्या झाल्या. म्हटलं, बघू तरी.

घरात मोडक्या पलंगाचा पाय होता, शिसमाचा. काळाभोर, जड. काळ्या घोड्याला याहून शोभेल असं काय? पण शिसम म्हणजे शिसम... पातं आत शिरलं आणि कण्हायला लागलं, मी जोर लावला तर धूर.

"काय जळतंय?" बायको स्वयंपाकघरातून.

"घोडा."

त्या जाड, टणक लाकडात पातं वरून चित्राच्या रेषेवर चालत होतं आणि खाली पोट काढून भलतीकडेच जात होतं. पट्टी सोडली तर आत जो प्राणी होता, त्याला मी काही म्हणणार नाही, त्याचा काय दोष? म्हटलं, मऊ लाकूड घेऊ. सामानाच्या खोक्याची पाईनची पट्टी होती, जाड, हलकी, वासही किती छान. म्हटलं, बघू तरी. पण पाईनचं कसं आहे, एक रेघ मऊ, एक रेघ कडक, पातं मऊमध्ये धावतं, कडकवर अडखळतं, खड्ड्याखड्ड्यांच्या रस्त्यावरून सायकल न्यावी तसं. तरी नेलं. तर मानेतच गाठ निघाली. आणि गाठ चुकवायला दुसरा ठोकळा आडवा कापून घेतला, तर लाकडाच्या रेषा मानेवर आडव्या आल्या, घोडा सुंदर निघाला, मी हातात धरला आणि डोकं वेगळं, धड वेगळं.

एवढ्यावर मी शहाणा होऊन घरी बसायला हवं होतं. पण मला आता झोपेतसुद्धा रेषाच दिसायला लागल्या होत्या. लोकांकडे गेलो की मी आधी टेबल वाजवायचो. लाकडाच्या पोटात काय असतं, ते एकसारखं का नसतं, एकाच झाडाचा एक तुकडा गुणी आणि दुसरा असा आडमुठा का? तुम्हाला नाही वाटत जाणून घ्यावंसं?

म्हणून वखार. तिथे मी तुकडे उचलायचो, कापलेल्या टोकाकडून बघायचो, नख दाबायचो, हुंगायचो. वखारवाला म्हणाला, "साहेब, सोयरीक जमवताय का?" पण तुकड्यांच्या ढिगात शेवटी सापडला शिवणीच्या झाडाचा ठोकळा. फिकट, नखाला थोडा दबणारा, गाठ नाही, रेषा उभ्या, अगदी संथ. म्हटलं, बघू तरी.

आणि तुम्हाला सांगतो, पातं असं गेलं... धूर नाही, कुरकुर नाही. पहिलं अंग झालं, कचरा बसवून पट्टी बांधली, दुसरं झालं. मशीन बंद केलं तर मागे बाबा उभे. भिंत धरत धरत आले होते.

"आज आवाज वेगळा आहे," म्हणाले.

मी ठोकळा त्यांच्या हातात दिला. त्यांनी पट्टीचं टोक शोधलं, सोडलं, कचरा त्यांच्या पायावर पडला आणि बोटांत घोडा राहिला. कान चाचपले, मान चाचपली, बराच वेळ. मग म्हणाले, "मानेत धागा उभा घेतलात?"

"हो बाबा. आडवा घेतला तर मोडते."

"कापडासारखंच आहे की. कुठलं लाकूड? दुसरं कुठलं चालतं? वासावरून कळतं का?"

एका दमात एवढे प्रश्न! बायको दारात उभी होती, ती पदराने डोळे पुसत आत गेली.

घोडा घासला, काळा रंगवला, बुडाला खाच घातली, पटावर ठेवला. वाटलं, चला, सुटलो. कसलं काय. दुसऱ्या दिवशी बाबा काठी घेऊन तयार, "चला वखारीत." आता रोज संध्याकाळी वखारवाल्याचा माणूस त्यांना घेऊन जातो. तिथे ते स्टुलावर बसून तुकडे हुंगतात, वखारवाल्याशी वाद घालतात, खिसे भरून घरी आणतात, आणि आणलेलं सगळं मी कापून दाखवायचं.

आणि मावशी? मावशी पट घेऊन आमच्या दारात. "माझा गडी पळवलात, आता तुम्ही बसा." बसतो. काय करणार? रोज बसतो, रोज हरतो. काल माझी चाल बघून त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "अहो, एवढी लाकडं हुंगलीत, एवढे प्रश्न विचारलेत, घोडा चालतो कसा, ते नाही कुणाला विचारलंत?"